फ्युएल पंपाचा आवाज: ताकदीची किंमत की बसवण्यातली चूक?

घुमणारी डिक्की

माझं मत आधीच सांगतो: रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीत पंपाचा आवाज माणसांच्या बोलण्याच्या वर जात असेल, तर ते काम अर्धवट झालेलं आहे. "मोठा पंप म्हटला की कुंई येणारच" हे वाक्य मी गेली दोन वर्षं ऐकतोय आणि मला ते मुळीच पटत नाही.

माझ्या गाडीबद्दल थोडक्यात. दोन लिटरचं टर्बो इंजिन, साधारण ४०० अश्वशक्ती, पेट्रोलवर. डिक्कीच्या पत्र्याखाली सर्ज टँक (पंपांना पेट्रोल सलग मिळावं म्हणून ठेवलेली छोटी वेगळी टाकी) आणि त्याला दोन बाहेरचे, म्हणजे टाकीत न बुडवलेले, रोलर-सेल पंप समांतर जोडलेले. किल्ली फिरवली की दोन्ही सुरू. रेलचा, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा, मूळ दाब ३ बार, १.५ बार बूस्टला (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेच्या जादा दाबाला) ४.५. सकाळी गाडी काढली की आवाज सहन होतो. तासाभरानं, त्यातही टाकी उतरलेली असेल तर, मागे भोवरा फिरतोय असा सूर लागतो. मागच्या सीटवर आई बसली होती, ती अर्ध्या वाटेतच म्हणाली, "डोकं उठलं रे." गाडी घरच्यांसाठीच ठेवली होती, म्हणून ते मला फार लागलं.

पंपांना फोम गुंडाळून झालं. काही फरक नाही. हा आवाज खरंच घालवता येतो का, आणि घालवावा का? दोन्हींवर मतं हवी आहेत.

पूर्णबूस्ट

घालवता येतो. घालवू नये.

का ते सांगतो. माझ्या आधीच्या गाडीत मीही हाच हट्ट धरला होता. पंपाचा वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर लावला. सहा महिने झकास चालला. मग एके दिवशी पूर्ण बूस्टवर असताना कंट्रोलरनं पंप कमी वेगावरच ठेवला. मिश्रण लीन झालं (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं), नॉक म्हणजे सिलिंडरमधला अवेळी भडका सुरू झाला आणि तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन कडेला वितळला. तीन-चार सेकंदांत सगळा खेळ. तेव्हापासून माझा नियम एकच: बॅटरी, जाड वायर, फ्यूज, रिले, पंप. मध्ये दुसरं काही नाही. वाटेत बसवलेली प्रत्येक वस्तू बिघडण्याची एकेक जागा वाढवते.

शिवाय आवाजाचा उपयोगही आहे. पंप खराब व्हायच्या आधी बऱ्याचदा त्याचा सूर बदलतो. मला एकदा तसाच कळला होता.

भोपळा

फोमनं फरक पडला नाही यात नवल नाही. तंबोऱ्याची तार नुसती हवेत ताणून छेडली तर किती ऐकू येईल? आवाज मोठा करतो तो भोपळा. तुमच्या गाडीत पंप म्हणजे तार आणि डिक्कीचा पत्रा म्हणजे भोपळा. पंपाच्या अंगातून हवेत जाणारा आवाज थोडाच असतो. तो ब्रॅकेटमधून, बोल्टमधून आणि मुख्य म्हणजे पाइपमधून पत्र्यात शिरतो. तारेला कापड गुंडाळलंत, भोपळा तसाच राहिला.

रोलर-सेल आणि जिरोटर हे दोन्ही पंप पेट्रोलचा एकेक घास पकडून पुढे ढकलतात. प्रत्येक घासाला दाबाचा एक ठोका बसतो. मोटर मिनिटाला ६,००० फेऱ्या फिरते आणि फेरीला पाच घास पडतात असं धरा, तर सेकंदाला ५०० ठोके झाले. हा सूर आणि त्याच्या वरच्या पट्ट्या कानाला नेमक्या टोचतात. टर्बाइन पंपात पातं असलेली चकती पेट्रोल सलग फिरवत नेते, म्हणून तिथे ठोके बारीक आणि आवाज मुळातच कमी.

आता दोन गोष्टी तपासा. ब्रॅकेटला रबर असेल, पण बोल्ट त्या रबरातून आरपार जाऊन धातूला धातू भिडला आहे का? बहुतेक वेळा भिडलेला असतो आणि मग रबर नुसतं शोभेला उरतं. दुसरी गोष्ट, पंपाच्या तोंडापासून थेट धातूची नळी निघते का? तसं असेल तर आधी हातभर लवचिक होज टाका, मग धातूची नळी. नळीला आतून रबर असलेले क्लँप लावा. जमलं तर पंपाच्या लगेच पुढे पल्स डँपर बसवा. आत पडदा आणि स्प्रिंग असते, ठोका तिथेच जिरतो.

पूर्णबूस्ट

@भोपळा, रबर माउंट आणि होजला माझा विरोध नाही, त्यांनी पेट्रोल अडत नाही. पण डँपरचा पडदा फाटला तर? पंपाचा वेग आणि दाब यांच्याशी खेळणारी कुठलीही वस्तू मला नको आहे.

तेलकट हात

मला दोघांच्याही आधी एक गोष्ट दिसते आहे, आणि ती मूळ पोस्टमध्येच लिहिलेली आहे. सकाळी ठीक, तासाभरानं किंचाळतो, टाकी उतरली की जास्त. हे माउंटचं लक्षण नाही. माउंट वाईट असतं तर सकाळीही तेवढंच वाजलं असतं. तुमचे पंप उपाशी आहेत.

हिशोब मांडतो. टर्बो पेट्रोल इंजिनाला ढोबळमानानं एका अश्वशक्तीला तासाला २७० ग्रॅम इंधन लागतं. ४०० ला झाले १०८ किलो, म्हणजे जवळपास १४६ लिटर, तेही पूर्ण ताकदीवर सलग तासभर. सिग्नलला उभं असताना हेच इंजिन तासाला लिटर-दीड लिटर पितं. तुमचे दोन पंप मिळून काहीशे लिटर ढकलत असणार. उरलेलं सगळं दाब राखणाऱ्या रेग्युलेटरमधून परत, पुन्हा पंपात, पुन्हा परत.

आणि हे फिरणं फुकट होत नाही. एक पंप १३.५ व्होल्टला ८ अँपिअर घेतो असं धरा, तर १०८ वॉट झाले. दोघांचे २१६. पंप पेट्रोलनंच थंड होतो, त्यामुळे त्यातली जवळपास सगळी उष्णता पेट्रोलमध्येच जाते. टाकीत १५ लिटर उरलं असेल आणि उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं, तर तासाभरात पेट्रोल ३० अंशांनी तापेल. प्रत्यक्षात काही उष्णता बाहेर जाते, त्यामुळे आकडा कमी येईल, पण दिशा हीच. गरम पेट्रोलची वाफ लवकर होते. पंप ओढतो त्या बाजूला दाब कमी, तिथे बुडबुडे तयार होतात आणि पंपात दाब वाढला की फुटतात. तो किंचाळणारा सूर याच बुडबुड्यांचा. त्याला कॅव्हिटेशन म्हणतात आणि ते पंपाच्या आतला धातू खातं.

म्हणून @पूर्णबूस्ट, आवाज राहू द्या म्हणणं मला इथे धोक्याचं वाटतं. बुडबुडे गिळणारा पंप ऐन बूस्टला कमी पेट्रोल देतो. ज्या लीन होण्याची तुम्हाला भीती आहे, ते या आवाजाच्याच आड बसलेलं आहे.

पूर्णबूस्ट

हे मान्य. कॅव्हिटेशनचा आवाज आणि पंपाचा नेहमीचा आवाज मी एकाच मापानं मोजत होतो, ती माझी चूक. पहिला घालवलाच पाहिजे. दुसऱ्यावर माझं मत तेच आहे.

घुमणारी डिक्की

@तेलकट हात, वाचून उठलो आणि गाडीखाली जाऊन आलो. सर्ज टँकपासून पंपाकडे येणारी होज ८ मिलिमीटरची आहे आणि तिला दोन काटकोनी वळणं आहेत. पंपाच्या आधी फिल्टर आहे तो बारीक जाळीचा, १० मायक्रॉनचा. शिवाय रिटर्न, म्हणजे उरलेलं पेट्रोल परत आणणारा पाइप, सर्ज टँकच्या वरच्या बाजूला उघडाच सुटतो.

तेलकट हात

मग सगळं तिथेच आहे. १० मायक्रॉनचा फिल्टर पंपाच्या पुढे, रेलच्या बाजूला हवा. ओढण्याच्या बाजूला १०० मायक्रॉनची जाळी पुरते. होज निदान १२ मिलिमीटरची, आखूड, आणि पंप सर्ज टँकच्या तळापेक्षा खाली, म्हणजे पेट्रोल स्वतःच्या वजनानं उतरेल. बाहेरच्या पंपाला ढकलता छान येतं, ओढता येत नाही. रिटर्न पातळीच्या खाली सोडा. वरून धार पडली की फेस होतो आणि तो फेस पुन्हा पंपात जातो.

बुडवा

माझा सल्ला वेगळा. बाहेरचे पंप काढाच. एक मोठा टर्बाइन पंप टाकीत बुडवा. भोवती पेट्रोल, पत्र्याशी संबंध कमी, ओढायला लांब होज नाही. १४६ लिटरच्या गरजेला दोन पंप कशाला? ४.५ बारला तो किती देतो हे तक्त्यात बघा, डब्यावर छापलेला आकडा कमी दाबाचा असतो.

एक जीव तोडून सांगतो: टाकीच्या आत साधी फ्युएल होज वापरू नका. ती आतून पेट्रोल सोसते, बाहेरून भिजली की फुगते आणि तडकते. टाकीत बुडवायची होज वेगळी मिळते, एसएई जे३० आर१० प्रतीची. माउंटसाठी ईपीडीएम रबरही नको, पेट्रोलमध्ये त्याचा लगदा होतो. फोमचंही तेच, टाकीत तो सुटून जाळीत अडकतो.

भोपळा

@बुडवा यांचं पटतं, फक्त रोजच्या वापरात वेग कमी ठेवण्याचा प्रश्न उरतो. @पूर्णबूस्ट, तुमचं नुकसान खरं आहे, पण त्यावरून कल्पनाच चुकीची ठरत नाही. १९९३ साली आलेल्या टोयोटा सुप्राच्या टर्बो मॉडेलमध्ये कारखान्यातूनच पंपासाठी वेगळं नियंत्रण होतं. कमी भाराला व्होल्टेज कमी, जोर लागला की पूर्ण.

पूर्णबूस्ट

तिथे पंप, कंट्रोलर आणि इंजिन एकत्र तपासून बसवलेले होते. आपण गॅरेजमध्ये तीन ठिकाणच्या वस्तू जोडतो. शिवाय टर्बाइन पंपात दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग थोडा जास्त उतरवला की ३ बारही धरता येत नाहीत. वेग कमी करायचाच असेल तर माझी अट ऐका: रेलवर दाबाचा सेन्सर हवा, आणि अपेक्षित दाबापेक्षा अर्धा बार कमी दिसला की ईसीयूनं (इंजिनाच्या संगणकानं) लगेच बूस्ट तोडला पाहिजे. हे नसेल तर मी कोणालाही हो म्हणणार नाही.

तेलकट हात

ही अट तर पंप पूर्ण वेगावर असतानाही हवी. बूस्टमध्ये एक्झॉस्टच्या आवाजात पंपाचा बदललेला सूर कोणाला ऐकू येतो?

पूर्णबूस्ट

बरोबर. माझ्या सध्याच्या गाडीत तो सेन्सर नाही. बसवतो.

घुमणारी डिक्की

ठरवलं ते लिहितो. आधी होज, जाळी आणि रिटर्न. मग माउंट आणि पंपानंतरची लवचिक होज. दुसरा पंप तूर्त बंद ठेवून बूस्ट ०.५ वर आणतो. वेग नियंत्रणाला सेन्सर बसेपर्यंत हात लावणार नाही.

तेलकट हात

दुसरा पंप नुसता बंद करू नका. त्याच्या पुढे चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) आहे का बघा, नाहीतर पहिल्याचं पेट्रोल बंद पंपातून उलटं सर्ज टँकमध्ये जाईल आणि दाब पडेल.

पूर्णबूस्ट

आणि सकाळची नोंद टाकू नका. टाकीत १० लिटर, तासभर चालवून झालेली गाडी, त्या वेळचा रेलचा दाब. ती टाका, मग मी माझं मत पुन्हा तपासतो.