साईनानं गोपीचंद यांना सोडलं, ते बरोबरच होतं

बॅकहँडवाली
साईना नेहवालचा विषय निघाला की आमच्या बॅडमिंटन ग्रुपवर कुणीतरी हमखास लिहितं, "गोपीसरांना सोडलं आणि तिथूनच तिची घसरण सुरू झाली." मला हे अजिबात मान्य नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये हैदराबादची गोपीचंद यांची अकादमी सोडून बंगळूरला प्रशिक्षक विमल कुमार यांच्याकडे जायचा तिचा निर्णय बरोबर होता. खरं तर तो तिनं वर्षभर आधीच घ्यायला हवा होता.

२०१३ आठवा. लंडन ऑलिंपिकचं कांस्य आणलेली मुलगी अख्ख्या वर्षात एकही स्पर्धा जिंकली नाही. २०१४ मध्ये लखनऊ आणि ऑस्ट्रेलियात जिंकली, पण ऑगस्टमध्ये कोपनहेगनच्या जागतिक स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या ली श्वेरुईकडून हरली. त्याच स्पर्धेत, तिच्याच अकादमीतल्या पी. व्ही. सिंधूनं सलग दुसरं जागतिक कांस्य मिळवलं. एका हॉलमध्ये देशातल्या दोन अव्वल एकेरी खेळाडू, त्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी, आणि दोघींचा प्रशिक्षक एकच. तोच राष्ट्रीय प्रशिक्षकही. माणूस कितीही मोठा असो, सकाळच्या सत्रात त्याला दोन कोर्टांवर एकदम उभं राहता येत नाही.

आता पुढचे महिने बघा. नोव्हेंबरमध्ये चायना ओपन जिंकली, अंतिम सामन्यात यामागुचीला २१-१२, २२-२० असं हरवून. मार्च २०१५ मध्ये ऑल इंग्लंडची अंतिम फेरी, तिथवर पोचलेली ती पहिली भारतीय महिला. त्याच महिन्यात इंडिया ओपन जिंकली, एप्रिलमध्ये जागतिक क्रमवारीत पहिली. ऑगस्टमध्ये जकार्ताला जागतिक रौप्य. याला घसरण म्हणायचं?

दोन_नंबर_कोर्ट
ताई, तारखा बरोबर आहेत, निष्कर्षाशी पूर्ण असहमत.

नवा प्रशिक्षक दोन महिन्यांत खेळाडू घडवत नाही. चायना ओपन जिंकलेले पाय हैदराबादेत तयार झाले होते. २००९ ची इंडोनेशिया ओपन, २०१० चं राष्ट्रकुल सुवर्ण, २०१२ चं कांस्य हे सगळं गोपीचंद यांच्याकडचं. बंगळूरला गेल्यावर मोठ्या सामन्यांत काय झालं तेही लिहा ना. ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या कॅरोलिना मारिनविरुद्ध पहिला गेम २१-१६ जिंकून पुढचे दोन १४-२१, ७-२१ गेले. जकार्तात पुन्हा मारिनच, सरळ दोन गेममध्ये. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तर गटातच बाहेर. आणि मागे राहिलेली सिंधू रिओहून रौप्य घेऊन आली.

मारिनचंच उदाहरण घ्या. शाळकरी वयापासून पॅरिस २०२४ पर्यंत एकच प्रशिक्षक, फर्नांडो रिवास. ऑलिंपिक सुवर्ण, तीन जागतिक विजेतेपदं. तिनं कठीण वर्षांतही जागा बदलली नाही.

बॅकहँडवाली
मारिनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. माद्रिदमध्ये रिवास यांची सगळी योजना एका मारिनभोवती होती. तिच्या शेजारच्या कोर्टावर तिलाच हरवू शकणारी दुसरी मुलगी त्यांच्या हाताखाली नव्हती. साईनाला बंगळूरला नेमकं तेच हवं होतं, आणि ते मिळालं.

रिओचं म्हणाल तर ती गुडघा दुखावलेला असताना खेळली. युक्रेनच्या उलितिनाकडून १८-२१, १९-२१ अशी हरली आणि लगेच मुंबईत शस्त्रक्रिया झाली. जून २०१६ मध्ये, म्हणजे रिओच्या दोन महिने आधी, तिनं ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली होती. गुडघ्याचं खापर प्रशिक्षक बदलण्यावर फोडणं अन्यायाचं आहे.

संत्रानगरी
मी नागपूरची. नोव्हेंबर २०१७ ची राष्ट्रीय स्पर्धा मानकापूरच्या क्रीडा संकुलात झाली, अंतिम सामना मी स्टँडमधून पाहिला. साईनानं सिंधूला २१-१७, २७-२५ हरवलं. दुसऱ्या गेमच्या शेवटी लोक खुर्च्यांवर बसायलाच तयार नव्हते. सिंधूच्या उंचीवरून येणारा स्मॅश ती परत उचलून लांब टाकत होती, सिंधूला पुन्हा मागे पाठवत होती. शस्त्रक्रियेनंतर सव्वा वर्षात असं खेळणं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

पण लक्षात घ्या, तेव्हा ती गोपीचंद यांच्याकडे परत आलेली होती, सप्टेंबरपासून. पुढच्या एप्रिलमध्ये राष्ट्रकुलचं सुवर्ण, तेही सिंधूलाच हरवून. बंगळूर इतकं योग्य होतं तर परत का आली?

बॅकहँडवाली
परत येताना गळ्यात ग्लासगोचं जागतिक कांस्य होतं, ऑगस्ट २०१७ चं, विमल कुमार यांच्याकडचं. २४ व्या वर्षी तिला एक गोष्ट हवी होती, २७ व्या वर्षी दुसरी. गेली तेही तिनं ठरवलं, आली तेही तिनंच.

लेकीची_आई
मी बॅडमिंटन फक्त गॅलरीतून पाहते, पण या विषयावर गप्प बसवत नाही. माझी मुलगी जिल्हा पातळीवर खेळते. तिची प्रगती थांबली म्हणून आम्ही हॉल बदलला. आधीच्या सरांनी नंतर स्पर्धेत तिच्या नमस्काराला उत्तरही दिलं नाही. तिच्या जुन्या मैत्रिणींना तिच्याबरोबर सराव करू नका असं सांगितलं गेलं. चौदा वर्षांची पोर घरी येऊन विचारते, "आई, मी काय चुकले?" त्याच हॉलमधून त्याच वर्षी दोन मुलगेही बाहेर पडले. त्यांच्याबद्दल सगळे म्हणाले, महत्त्वाकांक्षी आहेत.

साईनाला कृतघ्न म्हणणाऱ्यांनी हे एकदा मनात घ्यावं. फी आम्ही भरतो, पहाटे पाचला गाडी आम्ही काढतो, खांदा मुलीचा दुखतो.

जुना_रॅकेटवाला
लेकीची आई, तुमच्या मुलीला सांगा, तिचं काहीही चुकलेलं नाही.

इथे कुणीच न लिहिलेली गोष्ट लिहितो. साईना गोपीचंद यांच्याआधी एस. एम. आरिफ यांच्याकडे शिकली. तिनं आरिफ सरांना सोडलं असं कधी ऐकलंत? खुद्द गोपीचंदही आरिफ यांचेच विद्यार्थी. तेही हैदराबादहून बंगळूरला गेले, प्रकाश पदुकोण यांच्या अकादमीत, नंतर गांगुली प्रसाद यांच्याकडे, आणि २००१ ची ऑल इंग्लंड जिंकले. मुंबईची अपर्णा पोपटही त्याच वाटेनं बंगळूरला गेली आणि सलग नऊ राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. म्हणजे ही वाट मळलेली होती. साईनानं ती धरली तेव्हाच एवढा गहजब झाला.

दोन_नंबर_कोर्ट
काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ही तुलना पटत नाही. आरिफ यांच्याकडून गोपीचंद यांच्याकडे जाणं म्हणजे ज्युनियर पातळीवरून वर चढणं. अपर्णाचंही तसंच. साईना २०१४ मध्ये शिखराच्या जवळ होती. तिथे आठ-दहा वर्षं आपला खेळ ओळखणारा माणूस सोडणं वेगळं. खेळाडू दमली आहे की कंटाळली आहे, हे त्याला तिच्या फूटवर्कवरून कळतं. ते नव्या माणसाला कळायला वेळ लागतो, आणि साईनाकडे वेळच नव्हता.

लेकीची आई, तुमच्या मुलीशी जे वागले ते चूकच. माझा मुद्दा तो नव्हे, हे कृपया समजून घ्या.

बॅकहँडवाली
वेळ नव्हता, हेच मी म्हणते आहे. संधिवातानं गुडघे त्रास देतात हे तिनं २०२४ मध्ये स्वतः सांगितलं. तिच्या खेळाचा पायाच लांब रॅली आणि धावून शटल उचलण्याचा, म्हणजे गुडघ्यांचं आयुष्य मोजकंच. त्यातली दोन वर्षं तिनं नाराजीत, दुसऱ्या कोर्टाकडे बघत काढावीत असं मी तरी कुणाला सांगणार नाही. क्रमवारीतला पहिला क्रमांक तिला बंगळूरच्याच काळात मिळाला. त्याआधी एकाही भारतीय महिलेला तो मिळाला नव्हता.

आणि सिंधू? तिनंही पुढे वेगळे प्रशिक्षक घेतलेच. टोकियोच्या कांस्याच्या वेळी तिच्यामागे खुर्चीत कोरियाचे पार्क ते-सांग होते. तेव्हा कुणी तिला कृतघ्न म्हटलं नाही, कारण तोवर लोकांना सवय झाली होती. ती सवय लावताना बोलणी साईनानं खाल्ली.

संत्रानगरी
सिंधूचा मुद्दा मान्य. तरी माझं मत कायम आहे, साईनाचा सर्वांत धारदार खेळ मी नागपुरातच पाहिला.

दोन_नंबर_कोर्ट
माझंही कायम. जकार्ताच्या दुसऱ्या गेममध्ये ती १९ पर्यंत गेली होती. खुर्चीत गोपीचंद असते तर तिसरा गेम झाला असता, असं मला आजही वाटतं.