शिक्षक प्रशिक्षणात एआय: टाचणापुरतं की त्यापुढं?

कोरेगावचा मास्तर:
नव्या शैक्षणिक धोरणानं (2020) प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 50 तास प्रशिक्षण सांगितलंय. ते कसं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. व्हिडिओ चालू करून फोन टेबलावर उपडा, इकडं पोषण आहाराच्या नोंदी. आता त्याच तासांत एआय आणा म्हणतात. माझा विरोध आहे.

कारण सांगतो. एक पोर 52 वजा 38 चं उत्तर 26 लिहितं. आठातनं दोन गेले सहा, पाचातनं तीन गेले दोन. वर असो की खाली, मोठ्यातनं लहान काढायचं एवढंच त्याला कळलेलं असतं. चॅटजीपीटीला हातच्याच्या वजाबाकीचं टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, मागा. उद्दिष्टं, साहित्य, मूल्यमापन, सगळं सुबक येतं. त्यात ते पोर कुठंच नसतं. ते नवख्या शिक्षकाला दिसावं म्हणून वर्गात मागं कुणीतरी जाणता बसावा लागतो. खेड्यातल्या शाळेसाठी शिक्षक मुद्दाम घडवावा लागतो हे ओळखूनच कर्मवीर अण्णांनी 1935 मध्ये साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज काढलं. ॲप काढलं असतं का?

जतची बाई:
सर, मागं बसणार कोण ते सांगा. आमच्याकडं दोन शिक्षक आणि चार वर्ग. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे. त्यांच्याकडं स्वतःचं केंद्र सोडून आणखी एकाचा कार्यभार. ते येतात ते माहिती भरून घ्यायला.

आणि तुम्ही टाचण मागितलंत म्हणून टाचण मिळालं. मी त्याला लिहिलं, मूल 52 वजा 38 चं 26 काढतंय, त्याला काय वाटलं असेल? कारण बरोबर सांगितलं. वर म्हणालं, काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या द्या, त्यातनं 38 उचलायला लावा. गठ्ठा सोडल्याशिवाय आठ सुट्या मिळतच नाहीत, तिथं पोर अडतं आणि विचार करतं. आमच्या भागात पोरांच्या घरी कन्नड. सूचना कन्नडमध्ये करून घेते आणि शेजारच्या कन्नड शाळेतल्या मॅडमना दाखवते. एखादा शब्द त्या बदलतात, बाकी चालतं.

कोरेगावचा मास्तर:
बाई, तुम्हाला ती चूक आधी दिसली म्हणून तुम्ही विचारलंत. कालच डी.एड. होऊन आलेल्याला ती दिसेल? तो फुली मारून पुढच्या वहीकडं वळेल. आमचं भांडण तेवढ्यावरच आहे.

पलूसकर:
एआय प्रशिक्षण देणार, शेवटची चाचणीही एआयच सोडवणार, प्रमाणपत्र आपल्या नावावर. छान आहे की!

विट्याचा:
दोघंही उघड्या चॅटबॉटबद्दल बोलताय. कर्नाटकात शिक्षा कोपायलट म्हणून साधन आहे, ते अभ्यासक्रमाला धरून कन्नडमध्येही टाचण देतं. आपल्याकडं बालभारतीला धरून असं काही हवं. सिएरा लिओनमध्ये तर शिक्षकांना व्हॉट्सॲपवरच चॅटबॉट दिला. उत्तर नुसत्या मजकुरात, त्यामुळं वेबपानं उघडण्यापेक्षा डेटा खूपच कमी लागतो. पाटणच्या डोंगरात रेंजसाठी फोन हातात धरून फिरणाऱ्यांना विचारा याची किंमत. युनेस्कोनं 2024 मध्ये शिक्षकांसाठी एआयच्या 15 क्षमतांचा आराखडा काढला, त्यातही सुरुवात माणूसकेंद्री विचारापासून आहे. यंत्र कसं चालवायचं ते नंतर.

जतची बाई:
मग केंद्रातले सगळे शिक्षक जमतात त्या शिक्षण परिषदेतच करू या. प्रत्येकानं वहीतली एक चूक आणायची, पोराचं नाव झाकून. आधी आपण कारण लिहायचं, मग एआयचं वाचायचं, मग भांडायचं. नवखा तिथंच बघून शिकेल.

कोरेगावचा मास्तर:
हे मात्र मान्य. भाषणांपेक्षा शंभर पटीनं बरं. पण त्या 50 तासांत धरतील का?

पलूसकर:
जिओटॅगचा फोटो टाका. धरतील.