फेब्रुवारी २०२१ ची रुग्णवाढ: कोणाचे कारण खरे, हे ठरवायचे कसे?

प्रश्न: नळगंगा

मी विदर्भातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. केंद्र-राज्य संबंध शिकवताना यंदा करोनाच्या दुसऱ्या लाटेचा आरंभ उदाहरण म्हणून घ्यावा, असे योजले आहे. त्या काळातील बातम्या वाचताना असे दिसते की रुग्ण वाढत आहेत याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. सारा वाद ते का वाढत आहेत, याचा होता. राज्य सरकारच्या बाजूने सांगितले जाई की आम्ही चाचण्या करतो आणि आकडे लपवत नाही, म्हणून आमचे आकडे मोठे दिसतात. २१ फेब्रुवारीला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ‘मी जबाबदार’ ही मोहीम जाहीर केली, तेव्हा भर नागरिकांच्या वागण्यावर होता. केंद्रीय आरोग्य सचिव राजेश भूषण यांच्या १५ मार्चच्या पत्रात मात्र रुग्ण शोधणे, चाचण्या करणे आणि सहवासितांना विलग ठेवणे यांसाठी राज्यात फारच मर्यादित प्रयत्न होत असल्याचे म्हटले होते. ७ एप्रिलला राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी लससाठा तीन दिवस पुरेल इतकाच उरल्याचे सांगितले आणि त्याच दिवशी केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी राज्यावर हलगर्जीपणाचा ठपका ठेवला. याखेरीज कोणी १ फेब्रुवारीला सर्वसामान्यांसाठी ठरावीक वेळांत खुल्या झालेल्या मुंबई लोकलला दोष देत होते, तर कोणी १५ जानेवारीच्या ग्रामपंचायत निवडणुकांना.

पक्षनिष्ठा बाजूला ठेवून हे दावे तपासायला विद्यार्थ्यांना कसे शिकवावे? ज्यांनी त्या वेळी यंत्रणेत काम केले आहे, त्यांनी अवश्य लिहावे.

उत्तर: आकडेमोड

आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत, आणि माझ्या मते त्या वेळच्या वादातील निम्मा गोंधळ त्यामुळेच झाला. महाराष्ट्राचे आकडे इतर राज्यांपेक्षा मोठे का, हा एक प्रश्न. महाराष्ट्राचे आकडे फेब्रुवारीत जानेवारीपेक्षा का वाढले, हा दुसरा. ‘चाचण्या जास्त म्हणून रुग्ण जास्त’ हे उत्तर पहिल्या प्रश्नाला बऱ्याच अंशी लागू पडते, दुसऱ्याला मुळीच नाही.

पहिल्या प्रश्नासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे जून-जुलै २०२१ मधील चौथे राष्ट्रीय प्रतिपिंड सर्वेक्षण पाहावे. देशभरात ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे लागण होऊन गेल्याची किंवा लस घेतल्याची खूण, आढळली. मध्य प्रदेशात हे प्रमाण ७९ टक्के होते, महाराष्ट्रात ५८ आणि केरळात ४४.४. म्हणजे ज्या दोन राज्यांची नावे वर्षभर रुग्णसंख्येसाठी घेतली जात होती, तेथे प्रतिपिंडे असलेल्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून कमी निघाले. लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडेही यात मिसळलेली आहेत आणि प्रत्येक राज्यातील मोजकेच जिल्हे निवडले होते, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे. तरीही काही राज्यांत लागण मोठी होऊन नोंद कमी झाली, एवढे म्हणायला हा पुरावा पुरेसा आहे. महाराष्ट्र आकडे लपवत नाही, हा राज्य सरकारचा दावा मला या तुलनेपुरता रास्त वाटतो.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र हे उत्तर देणे चूक होते, आणि त्यासाठी फार मोठे गणित करावे लागत नाही. समजा, एका जिल्ह्यात हजार चाचण्यांत ६० बाधित सापडत होते आणि पुढे दोन हजार चाचण्यांत ४०० सापडू लागले. वाढ केवळ चाचण्यांची असती, तर बाधितांची संख्या १२०च्या आसपास राहिली असती. बाधितांचे प्रमाण ६ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर जाते, तेव्हा संसर्गच वाढलेला असतो आणि दुप्पट केलेल्या चाचण्याही अपुऱ्या पडत असतात. उपरोक्त पत्रात हे प्रमाण मुंबईत ५.१ टक्के, तर औरंगाबादेत ३० टक्के दिले होते. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष ५ टक्क्यांचा होता, हे लक्षात घेतले की औरंगाबादेत किती रुग्ण चाचणीविनाच राहत असतील याची कल्पना येते. पत्रामागे राजकारण होते की नाही, हा वाद वेगळा. त्यातील ही आकडेवारी मला निरुत्तर करणारी वाटते.

उत्तर: वऱ्हाडी तंत्रज्ञ

मी तेव्हा अमरावती विभागातील एका तपासणी प्रयोगशाळेत होतो. राजकारणावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, पण रोज जाहीर होणारा आकडा कसा तयार होत असे, ते सांगतो, कारण टीव्हीवरील अर्धी भांडणे त्या एका आकड्यावरून होत असत.

स्वॅब घेण्याचा दिवस, अहवाल येण्याचा दिवस आणि तो आकड्यात धरला जाण्याचा दिवस हे तीन दिवस क्वचितच एक असत. अँटिजेन चाचणीचा निकाल अर्ध्या तासात हाती येई. आरटीपीसीआरचे नमुने शीतपेटीतून येत, त्यांची पोर्टलवर नोंद होई, मग ते यंत्रावर लागत, आणि गर्दी वाढली की दोन दिवस सहज जात. साचलेले अहवाल एकदम निघाले की दुसऱ्या दिवशी ‘रुग्णसंख्येचा स्फोट’ असा मथळा ठरलेला. रविवारी चाचण्या कमी होत, म्हणून सोमवारी आकडा उतरे आणि कोणीतरी नेता त्याचे श्रेय घेई. मृत्यूंचेही तसेच होते. १६ जून २०२० रोजी राज्याने आधी नोंदायचे राहिलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी जाहीर केले होते. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावर वाद घालूच नये, सात दिवसांची सरासरी पाहावी.

एक गोष्ट मात्र सरासरी न काढताही कळत होती. पहिल्या लाटेत बाधितांच्या यादीत एका घरातील एखादे नाव असे. फेब्रुवारीत एकाच पत्त्याची नावे यादीत ओळीने येऊ लागली: आजोबा, मुलगा, सून, शाळकरी नातवंडे. हे चाचण्या वाढल्यामुळे घडत नाही. विषाणूची चालच बदलली आहे, असे आमच्यापैकी बहुतेकांना तेव्हाच वाटू लागले होते.

उत्तर: सीमोल्लंघन

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तरी त्यांतून राज्यकर्ते सहीसलामत सुटतात, हे मला मान्य नाही. विषाणूची चाल बदलली असली, तरी तो माणसांबरोबरच फिरतो, आणि माणसांना एकत्र कोणी आणले हे विचारलेच पाहिजे. १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या होत्या. खेड्यातील निवडणूक म्हणजे घरोघर फिरणे, रात्रीच्या बैठका आणि जेवणावळी. १८ जानेवारीला निकाल लागल्यावर गुलाल उधळत निघालेल्या मिरवणुका आम्ही सर्वांनी पाहिल्या आहेत. पुढे २३ फेब्रुवारीला, मुख्यमंत्र्यांनी गर्दी टाळण्याचे आवाहन करून दोन दिवस उलटले नाहीत तोच, त्यांच्याच मंत्रिमंडळातील एका मंत्र्यासाठी पोहरादेवीला मोठी गर्दी जमली.

केंद्राचे उत्तरदायित्वही तितकेच आहे. विषाणूच्या जनुकीय तपासणीसाठी दहा प्रयोगशाळांचा ‘इन्साकॉग’ हा गट डिसेंबर २०२० मध्ये स्थापन झाला, पण महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत दुहेरी उत्परिवर्तन (विषाणूच्या जनुकांत एकत्र आढळणारे दोन बदल) आढळल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले ते २४ मार्चला. अमरावतीत टाळेबंदी लागून तोवर महिना झाला होता. जो विषाणू पुढे डेल्टा घराण्यातील म्हणून जगभर ओळखला गेला, त्याची सूचना वेळेत मिळाली असती, तर एप्रिलमध्ये हरिद्वारला कुंभमेळा आणि बंगालमध्ये आठ टप्प्यांचे मतदान घेण्याचा निर्णय कोणत्या तोंडाने झाला असता? आणि पंढरपूरची पोटनिवडणूक? १७ एप्रिलला मतदान, आणि १८ एप्रिलला राज्यात ६८,६३१ रुग्ण! प्रचारात सगळेच पक्ष होते.

उत्तर: आकडेमोड

आपला संताप मला समजतो आणि त्यातील बहुतेक भाग मान्यही आहे. परंतु १८ एप्रिलचा आकडा १७ एप्रिलच्या मतदानाचा परिणाम असू शकत नाही. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस जातात, त्यानंतर चाचणी आणि अहवाल. पंढरपुरातील प्रचाराचा परिणाम पाहायचा असेल, तर तो एप्रिलच्या उत्तरार्धात आणि पंढरपूर-मंगळवेढ्यातच शोधावा लागेल.

हीच कसोटी बाकीच्या दाव्यांनाही लावता येते. अमरावती, अकोला, यवतमाळ येथे लोकल धावत नाही, तरी वाढ तेथे आधी ठळकपणे दिसली. तेव्हा लोकल हे राज्यातील रुग्णवाढीचे मूळ कारण ठरत नाही. ग्रामपंचायत निवडणुका राज्यभर झाल्या, वाढ मात्र एकाच वेळी सगळीकडे झाली नाही. म्हणजे जेथे नवा प्रकार आधीच पोचला होता, तेथे निवडणुकांनी त्याला हात दिला असावा, असे म्हणणे मला अधिक सयुक्तिक वाटते. या मर्यादेत आपले म्हणणे टिकते.

एक कारण मात्र कोणत्याच पक्षाने जोराने मांडले नाही, कारण त्यात दोष द्यायला कोणी सापडत नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन विभागांत झालेल्या सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के आणि इतर वस्त्यांतील १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये महापालिका सांगत होती की सुमारे नव्वद टक्के रुग्ण इमारतींमधील आहेत. पहिल्या लाटेत जे वाचले होते, ते आता सापडत होते. सरकार कोणाचेही असते, तरी हा वर्ग संसर्गाला तितकाच खुला राहिला असता. प्रश्न त्याला लस आधी मिळते की विषाणू, एवढाच होता. टोपे यांनी मांडलेला लससाठ्याचा मुद्दा याच कारणाने महत्त्वाचा होता, मात्र तो एप्रिलमधील वाढ रोखण्यापुरता. फेब्रुवारीत सामान्य नागरिकांचे लसीकरण सुरूच झाले नव्हते.

नळगंगा

सर्वांचे आभार. प्रत्येक दावा खरा मानला, तर वाढ आधी कोठे आणि साधारण कोणत्या आठवड्यात दिसायला हवी होती, हे विद्यार्थ्यांनी प्रथम लिहावे आणि मगच आकडे उघडावेत, असा स्वाध्याय मी ठरवला आहे. तालुकावार आकडे कोठे मिळतील?

वऱ्हाडी तंत्रज्ञ

जिल्हा माहिती कार्यालयाची त्या वेळची रोजची प्रसिद्धिपत्रके शोधा. अनेक जिल्ह्यांत तालुकावार तक्ता दिला जात असे. केलेल्या चाचण्यांचा रकाना असलेलीच पत्रके घ्या, नाहीतर बाधितांचे प्रमाण काढता येणार नाही.