कार्ड माझं, फोन माझा, परवानगी कोणाची?

परवा फोटो मेमरी कार्डावर हलवायला गेलो, तर फोन म्हणतो ‘परवानगी नाही’. फोन नवा, अँड्रॉइड ११ चा. तुमच्याही वाट्याला असं काही आलं असेल तर लिहा. नुसती चिडचिड चालेल, उपाय असेल तर उत्तम.

---

माझं जुनं दुखणं. अँड्रॉइड ४.४ हौसेने घेतलं आणि फाइल मॅनेजरला कार्डावरचं एक गाणंही पुसता येईना. कार्ड गेलं म्हणून कार्ड संगणकात घालायच्या अ‍ॅडॉप्टरवरचं ते लिहिणं रोखणारं इवलंसं लॉक तीनदा वरखाली केलं. संगणकात मात्र सगळं सुरळीत! मग कळलं, त्या आवृत्तीपासून आपण टाकलेल्या अ‍ॅपला कार्डावर फक्त स्वतःच्या फोल्डरात लिहिता येतं. फोनसोबत आलेल्या अ‍ॅपला मोकळं रान. २०१४ च्या ५.० मध्ये फोल्डर निवडून परवानगी द्यायची सोय आली, तोवर संगणकच.

---

त्या ‘स्वतःच्या फोल्डरा’नेच मला बुडवलं. आजीशी मारलेल्या गप्पा एका रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये होत्या. जागा कार्डावरची निवडली होती, म्हणजे फोनला काही झालं तरी त्या राहणार, असा माझा हिशोब. अ‍ॅप बिघडलं म्हणून काढून पुन्हा टाकलं. अ‍ॅप काढलं की त्याचं कार्डावरचं फोल्डरही जातं, हे मला कोण सांगणार? यादी कोरी.

---

मी ६.० वर कार्ड ‘अंतर्गत स्टोरेज’ म्हणून फॉरमॅट केलं. वर्षभर मजेत. मग फोन पाण्यात पडला. कार्ड ठणठणीत, पण दुसऱ्या फोनमध्ये घातलं की एकच प्रश्न, फॉरमॅट करू का? मजकूर कुलूपबंद, किल्ली मेलेल्या फोनात.

---

सगळे शिव्या देताहेत, पण मला हे बंधन पटतं. पूर्वी एकदा ‘हो’ म्हटलं की टॉर्चचं अ‍ॅपसुद्धा अख्खं कार्ड चाळू शकायचं. कार्डावर फाइली मांडायची जी फॅट नावाची पद्धत असते, तिच्यात कुठली फाइल कोणाची याची नोंदच नसते, मग पहारा फोननेच द्यायचा. फक्त नकार देताना कारण सांगावं की राव!

---

धागाकर्ते, ११ वर अख्खं कार्ड निवडू नका, तिथेच अडतं. कार्डावर एक फोल्डर करा, आत जा आणि ‘हा फोल्डर वापरा’ दाबा.

---

जमलं! फोटो गेले. एकच मोठा व्हिडिओ अडलाय.

---

४ जीबीच्या वरचा असेल. कार्ड फॅट३२ असणार. ही मर्यादा कार्डाच्या फॉरमॅटची, फोनला बोल लावू नका.

---

आजीच्या गप्पा परत मिळाल्या का? कार्ड लगेच काढून ठेवलं असतं तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने काही निघालं असतं.

---

नाही. मला कळेपर्यंत त्याच कार्डावर महिनाभर फोटो काढत होते.