ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे विंडोजसारखी कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली) बनवताना वापरणाऱ्याचं ऐकायचं की नुसतं त्याच्याकडे बघायचं?

काठावरचा कर्सर:
माझं ठाम मत आहे की ओएस बनवणाऱ्याने लोकांच्या शेजारी बसून ते काय करतात हे गप्प बघितलंच पाहिजे. अ‍ॅपलचा लिसा हा कॉम्प्युटर 1983 मध्ये आला, त्याच्या चाचण्या अ‍ॅपलचेच लॅरी टेस्लर घ्यायचे. एका बटणावर 'डू इट' लिहिलेलं, पण त्या फॉन्टमध्ये मोठा आय आणि छोटा एल सारखेच दिसायचे, त्यामुळे चाचणीला बसलेल्या माणसाला ते 'डोल्ट' वाटलं, म्हणजे मठ्ठ! कॉम्प्युटर मला मठ्ठ का म्हणतोय म्हणून तो चिडला आणि मग तिथे 'ओके' आलं. इंजिनिअर लोकांना हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण तिथे काय लिहिलंय हे त्यांना पाठ होतं.

जुना टर्मिनलवाला:
अजिबात पटलं नाही. चाचणीला माणूस बसतो तासभर, मी मशीनवर बसतो दिवसभर. नवख्याचा पहिला तास सोपा करायच्या नादात आमच्या हातात बसलेल्या सवयी मोडतात त्याचं काय? 2011 ला गनोम 3 मध्ये (गनोम म्हणजे लिनक्सवरचा एक डेस्कटॉप) मिनिमाइजचं बटणच काढून टाकलं, लोक इतके वैतागले की जुन्या गनोम 2 वरून मेट नावाचा वेगळा डेस्कटॉप उभा राहिला. आणि चाचणीला बसवलेल्या पाच-सहा जणांवरून करोडो लोकांचं कसं ठरवता हो?

काठावरचा कर्सर:
@जुना टर्मिनलवाला पाच जण बसवतात ते अडचणी शोधायला, मतं मोजायला नाही. नील्सन आणि लँडॉअर या संशोधकांनी 1993 मध्ये गणित मांडलं होतं, एक माणूस सरासरी 31% अडचणींवर अडखळत असेल तर पाच जणांत साधारण 85% सापडतात. सवयींचं म्हणाल तर विंडोज 95 बघा. सुरुवातीच्या नमुन्यात खाली सिस्टिम, फाइंड, हेल्प अशी वेगवेगळी बटणं होती, लोक गोंधळले, म्हणून शेवटी एकच स्टार्ट आलं. मिनिमाइज केलेली विंडो कुठे गेली हेच कळायचं नाही, तिथून टास्कबार आला. हे दोन्ही नवख्यांना बघून सुचलं आणि आज मुरलेले लोकही तेच वापरतात.

आकडेमोड:
मला दोघांचंही अर्धवट वाटतं. शेजारी बसलं की माणूस वेगळा वागतो, मुद्दाम नीट वागतो. खऱ्या वापराची नोंद मशीनवरूनच गोळा करा ना, लाखो लोकांची मिळते, त्यात कोणाची भीड नाही.

काठावरचा कर्सर:
@आकडेमोड तेच तर झालं विंडोज 8 ला! स्टार्ट मेनू उघडणं कमी झालंय असं नोंदी सांगत होत्या, त्याचा आधार घेतला आणि 2012 ला मेनू आणि बटण दोन्ही गेले. 2013 च्या 8.1 मध्ये बटण परत आणावं लागलं, 2015 च्या विंडोज 10 मध्ये मेनू. एखादी गोष्ट दिवसातून दोनदाच लागत असेल, पण ती कुठे आहे हे माहीत असण्याचा जो आधार असतो तो क्लिकमध्ये मोजता येत नाही.

जुना टर्मिनलवाला:
हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. आणि विंडोज 95 वाल्यांनी आधी नवख्यांसाठी वेगळं शेल (म्हणजे सोपा केलेला वेगळा स्क्रीन) करून बघितलेलं, ते सोडून द्यावं लागलं, कारण त्यात नसलेलं एखादं काम निघालं की माणसाला ते टाकून दुसरीकडे जावं लागायचं. म्हणजे नवखा कायम नवखा राहत नाही हे त्यांनाही कळलं. मग तोच माणूस सहा महिन्यांनी परत का बोलवत नाहीत? तेवढं करत असाल तर मी माझं म्हणणं मागे घेतो.

काठावरचा कर्सर:
हे मान्य, यात वाद नाही. तासाभराच्या चाचणीत सवय दिसत नाही, त्यासाठी लोकांना महिनोन्‌महिने डायरी लिहायला देतात, पण तो वेळ आणि खर्च रिलीजची तारीख डोक्यावर असताना सगळ्यात आधी कापला जातो, आणि माझा खरा राग तिथे आहे.