माहितीच्या सवयींवर प्रकल्प लिहायचा आहे, नोंद नेमकी कशाची ठेवू?

सांगली_बीए_दुसरं_वर्ष

नमस्कार. या सत्रात आम्हाला 'माझ्या माहितीच्या आणि डिजिटल माध्यमांच्या सवयी' यावर २,००० शब्दांचं चिंतन लिहायचं आहे. पहिला मसुदा सरांकडून परत आला. शेरा असा: "ही कबुली झाली, चिंतन नाही." त्यात स्क्रीन टाइमचे आकडे होते, रील्समुळे अभ्यास मागे पडतो असं होतं आणि शेवटी फोन कमी वापरायचा निश्चय. पुराव्यादाखल काहीच नव्हतं.

आता सात दिवसांची नोंद ठेवायची म्हणतोय. पण नोंद कशाची? दुसरं, पावसाळ्यात आमच्याकडे प्रत्येक ग्रुपवर कोयना धरणाचा विसर्ग आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी यांचे मेसेज येत राहतात. ते उदाहरण म्हणून घेतले तर तपासायचे कसे? आणि तिसरं, मराठीत शोधलं की धड काही सापडत नाही, तेच इंग्रजीत सापडतं. शोधण्यात चूक होते की मराठीत मजकूरच कमी आहे?

ग्रंथपाल_मिरज

स्क्रीन टाइम बाजूला ठेवा. फोन किती वेळ उघडा होता एवढंच तो सांगतो. त्या वेळात तुम्ही काय खरं मानलंत, ते त्यात कुठेच नसतं. नोंद दाव्यांची ठेवा. रोज पाच दावे, सात दिवसांत पस्तीस. दोन हजार शब्दांना एवढा ऐवज भरपूर झाला.

साध्या वहीत रकाने आखा. वेळ. दावा, एका वाक्यात पण मूळ शब्दांत. कोणाकडून किंवा कुठल्या अ‍ॅपवर आला. वाचल्यावर पहिल्या मिनिटात काय केलंत: पुढे पाठवला, सोडून दिला की शोधला. आणि शेवटचा रकाना दुसऱ्या दिवसासाठी मोकळा, तपासून काय निघालं ते लिहायला. यातला 'पहिल्या मिनिटात काय केलं' हा रकाना तिथल्या तिथे भरायचा. रात्री आठवून भरला की माणूस स्वतःला जरा शहाणं करून लिहितो आणि सगळी नोंद फुकट जाते. वही कागदाचीच हवी. नोंद करायला फोन उघडला की वर आलेल्या नोटिफिकेशनमध्ये हात अडकतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजवर एक बाण आहे की दोन, तेही टिपा. दोन बाण म्हणजे मूळ माणसापासून किमान पाच वेळा पुढे सरकत आलेला मेसेज. असा मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. पण कोणी मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की खूण नाहीशी होते. त्यामुळे बाण दिसले तर सावध व्हा, नाही दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका.

सिद्धांताचा परिच्छेद लागणारच. 'माहिती साक्षरता' ही संज्ञा पॉल झुरकोव्स्की यांनी १९७४ मध्ये वापरली, तिथून सुरुवात करता येईल. पण खरा भर 'आडव्या वाचना'वर द्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस अशा तीन गटांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. अभ्यासक आणि विद्यार्थी त्याच पानावर खाली-वर करत बसले. तपासनीस लगेच पान सोडून नव्या टॅबमध्ये गेले, हे पान चालवतं कोण आणि इतरांनी त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते पाहिलं, आणि मगच परतले. आपल्याकडे वर्गात बहुधा उलटं शिकवतात: पानावर तारीख आहे का, लेखकाचं नाव आहे का, भाषा नीट आहे का. हे सगळं खोटं पानसुद्धा सहज पुरवतं. तेव्हा नोंदवहीत आणखी एक रकाना वाढवा, 'पान सोडून बाहेर गेलो का'. पस्तीसपैकी किती ठिकाणी 'हो' येतं, त्यावरच तुमचं चिंतन उभं राहील.

संगम_कराड

पुराच्या मेसेजचं सांगतो. इथे बहुतेक घोळ एककांचा असतो.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. पहिला वेग, दुसरा साठा. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर १ लाख क्युसेक विसर्ग अखंड २४ तास चालल्यावर ८.६४ टीएमसी पाणी बाहेर पडतं. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. मेसेज म्हणत असेल 'कालपासून कोयनेतून २ लाख क्युसेक', तर दिवसाला १७.२८ टीएमसी झाले, म्हणजे भरलेल्या धरणाचा सहावा हिस्सा. आवक तेवढीच नसेल तर साठा डोळ्यांत भरेल इतका उतरायला हवा. म्हणून काल सकाळचा साठा, आज सकाळचा साठा, मधली आवक आणि विसर्ग असे चार आकडे शेजारी मांडा. कालच्या साठ्यात आवक मिळवून विसर्ग वजा केला की आजचा साठा यायला हवा. थोडा फरक चालेल. दहा-पंधरा टीएमसीचा फरक पडला तर एखाद्या आकड्यात शून्य वाढलंय.

शून्य वाढण्याची ठरलेली जागा म्हणजे २,१००. पायथा वीजगृहाची दोन्ही युनिट चालली की एवढे क्युसेक नदीत येतात आणि त्यासाठी धरणाचा एकही वक्र दरवाजा उघडावा लागत नाही. मेसेजमध्ये त्याचे २१,००० होतात किंवा 'दरवाजे उघडले' अशी बातमी होते. आणखी एक: पोफळीकडे वीजनिर्मितीला जाणारं कोयनेचं पाणी पश्चिमेला वाशिष्ठीत उतरतं. ते सांगलीला येतच नाही. ते आकडे इथल्या पुरात मिळवू नका.

फुटांचाही असाच घोटाळा होतो. 'दरवाजे ६ फुटांवर' म्हणजे दरवाजा तळापासून ६ फूट उचलला. आयर्विनला पाणी ६ फूट चढणार असा त्याचा अर्थ नाही. आयर्विनला ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. केंद्रीय जल आयोग मात्र पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये देतो आणि विसर्ग क्युमेकमध्ये. १ क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक. दोन्हीकडचे आकडे एकाच तक्त्यात रूपांतर न करता ठेवले की एक तरी बाजू खोटी वाटायला लागते, प्रत्यक्षात दोन्ही खऱ्या असतात.

आणि नुसत्या कोयनेवरून सांगलीचा अंदाज बांधू नका. कराडला कोयना कृष्णेला मिळते खरी, पण वरून धोम, कण्हेर, उरमोडीचं पाणीही येतं, धरणांखालच्या पाणलोटात पडणारा पाऊस वेगळा, आणि हरिपूरला वारणा मिळते तिचा फुगवटा मागे सांगलीकडे येतो. 'कोयनेचा विसर्ग कमी केला, आता धोका टळला' हा मेसेज म्हणूनच भीतीच्या मेसेजइतका घातक. तो वाचून लोक सामान हलवायचं थांबतात. तुमच्या नोंदीत दिलासा देणारे दावेही घ्या. ते कोणी तपासत नाही.

आकड्यांसाठी जलसंपदा विभागाचं दैनंदिन पत्रक आणि जिल्हा माहिती कार्यालयाचं प्रसिद्धिपत्रक घ्या. पत्रकावर वेळ छापलेली असते, ती नोंदीत उतरवा. सकाळी ८ चा आकडा दुपारी ४ ला फिरत असेल तर तो खोटा नाही, शिळा आहे. हे दोन वेगळे शेरे ठेवा.

वाई_शब्दशोध

मराठीत सापडत नाही यामागे कारणं आहेत आणि त्यातली निम्मी तुमच्या हातात आहेत.

युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच संगणकीय पद्धत) येण्याआधीचा आणि नंतरही बराच काळ छापला गेलेला मराठी मजकूर श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांत आहे. पडद्यावर मराठी दिसलं तरी आत रोमन अक्षरांचा कालवा असतो, म्हणून शोधयंत्राला तो मराठी वाटतच नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच: ते चित्र असतं. अशा फाइलमधला एक शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघा. अगम्य अक्षरं आली तर फॉन्टचा दोष, शब्द निवडताच आला नाही तर चित्र. प्रकल्पात 'मराठीत माहिती नाही' असं लिहू नका. 'आहे, पण शोधयंत्राला दिसत नाही' हे जास्त अचूक आहे.

तुमच्या हातातला भाग लेखनाचा. 'पूर' आणि 'पुर', 'कृष्णा' आणि 'क्रुष्णा', 'आयर्विन' आणि 'आयर्वीन' असे दोन्ही टाकून बघा, कारण लिहिणाऱ्यांनीही दोन्ही लिहिलंय. नेमका शब्दसमूह हवा असेल तर अवतरणचिन्हात घाला. फक्त सरकारी पानं हवीत तर शोधशब्दांनंतर रोमन लिपीत साइट, लगेच कोलन, लगेच जीओव्ही डॉट इन. मध्ये जागा सोडलीत तर ती आज्ञा चालत नाही. मराठी कीबोर्डवरून कोलनऐवजी विसर्गाचं चिन्ह (ः) पडलं तरीही चालत नाही. दिसायला दोन्ही सारखे, म्हणून ही चूक लवकर लक्षात येत नाही.

संदर्भाला मराठी विश्वकोश जरूर वापरा. वाईत तयार झालेला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ चा. आता संकेतस्थळावर मोफत आहे, आणि युनिकोडमध्ये असल्यामुळे शोधात येतो. वाचताना नोंद कुठल्या खंडातली आणि तो खंड कोणत्या वर्षाचा ते आधी बघा. लोकसंख्या, उत्पादन, धरणांचे आकडे त्या काळचे असतात. व्याख्या आणि पूर्वपीठिका मात्र आजही तितक्याच भरवशाच्या. नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं, ते प्रकल्पात द्या. मराठी विकिपीडियावर गेलात तर लेखाआधी 'इतिहास' आणि 'चर्चा' हे टॅब उघडा आणि तळाच्या संदर्भांपैकी किती दुवे अजून चालू आहेत ते मोजा.

तासगाव_सौदा

पूर नसलेल्या आठवड्यात नोंद ठेवणार असाल तर बाजारभावाचे मेसेज घ्या. पणन मंडळाच्या पत्रकात आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर वेगवेगळे असतात. ग्रुपवर फिरतो तो कमाल दर, जो एखाद-दुसऱ्या उत्तम लॉटलाच मिळालेला असतो. तुलना सर्वसाधारण दराशी करा. आणि बेदाण्याचा दर किलोवर बोलतात, हळदीचा क्विंटलवर, हे विसरू नका.

सांगली_बीए_दुसरं_वर्ष

सर्वांचे मनापासून आभार. वही आखली. एक शंका. समजा मेसेज असा आहे: "कोयनेचे सर्व दरवाजे ६ फूट उघडले. आज रात्री सांगली बुडणार. तातडीने सर्वांना पाठवा." याची नोंद एक दावा म्हणून करायची का? पहिलं वाक्य खरं निघालं आणि दुसरं खोटं, तर शेवटच्या रकान्यात काय लिहू? आणि यूट्यूबचं काय, तिथे दावा असा वेगळा काढताच येत नाही.

ग्रंथपाल_मिरज

तीन ओळी करा. पहिलं वाक्य तपासता येतं: सहाही दरवाजे, किती फूट, किती वाजता. दुसरा अंदाज आहे, त्याला खरं-खोटं न लिहिता 'आधार दिला आहे का' एवढंच लिहा. तिसरा दावा नाहीच, तो हुकूम आहे. पण तो लाल शाईने उतरवा, कारण पहिल्या मिनिटात तुम्ही जे केलंत ते बहुतेक त्याच वाक्यामुळे. असे मेसेज पहिल्या खऱ्या वाक्याच्या जोरावरच चालतात. 'आज' या शब्दाखाली रेघ मारा. तारीख नसलेला 'आज' दरवर्षी पुन्हा आज होतो. सोबत व्हिडिओ असेल तर त्यातलं एखादं दृश्य स्क्रीनशॉट घेऊन गूगल लेन्समध्ये टाका, किंवा टिनआय या चित्रशोधाच्या संकेतस्थळावर टाकून निकाल सर्वांत जुन्यापासून लावा. चित्र आधीच्या वर्षी कुठे दिसलं असेल तर तिथे कळतं.

यूट्यूबसाठी दाव्यांऐवजी वाट नोंदवा: व्हिडिओ नाव टाकून शोधला की समोर आला म्हणून लावला. तीन दिवस नेहमीच्या खात्यावर, तीन दिवस वॉच हिस्ट्री बंद ठेवलेल्या नव्या खात्यावर. तिथे होमपेजवर शिफारशी जवळपास नसतातच, जे बघायचं ते टाइप करावं लागतं. जुन्या खात्याची हिस्ट्री मात्र पुसू नका. ती परत मिळत नाही आणि तुमचा निम्मा पुरावा तिथेच आहे.