पंधरा हजारांत गावच्या घराला कॅमेरे: कोणते घ्यावेत, कोठे लावावेत?

पाखाडीवरचा (प्रश्न)

नमस्कार. माझे आईवडील संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावच्या घरी राहतात. वडील त्र्याहत्तर वर्षांचे आहेत आणि आई एकोणसत्तरची. मी नोकरीनिमित्त ठाण्यात असतो आणि दोन-अडीच महिन्यांतून एकदा घरी जातो. गेल्या मे महिन्यात विहिरीवरचा पंप एका रात्रीत कोणीतरी कापून नेला, तेव्हापासून घराला कॅमेरे असावेत असा विचार चालू आहे. गणपतीत सगळे भावंडे जमली असता त्यासाठी पंधरा हजार रुपये काढायचे ठरले.

घर जांभ्या दगडाचे, कौलारू आहे. पुढे पडवी, त्यापुढे खळे (अंगण) आणि शेवटी गडगा (दगडी कुंपण) व बेडे (कुंपणाचे फाटक). पडवीच्या खांबापासून बेड्यापर्यंतचे अंतर मी टेपने मोजले, ते १२ मीटर भरले. विहीर मागच्या आगरात साधारण ४० मीटरवर आहे. फायबरचे इंटरनेट आहे, पण राउटर माजघरात असल्यामुळे पडवीतसुद्धा वाय-फायची एखादीच रेघ दिसते. पावसाळ्यात वीज वारंवार जाते आणि एखाद्या वेळी रात्रभर येत नाही. १५० एएच बॅटरीचा इन्व्हर्टर घरात आहे.

जवळच्या बाजारपेठेतील एका दुकानदाराने २ मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र), १ टीबीची डिस्क, वायर आणि मजुरी मिळून १९,५०० रुपयांचे दरपत्रक दिले आहे. दुसरीकडे ऑनलाइन बाजारात दीड-दोन हजारांना वाय-फायचे कॅमेरे दिसतात, ज्यांना म्हणे वायरच लागत नाही. या दोहोंतील कोणता मार्ग धरावा, क्लाउडचे (चित्रण इंटरनेटवर कंपनीकडे साठवण्याचे) वार्षिक पैसे भरणे आवश्यक आहे काय, आणि चार कॅमेरे खरोखर लागतात काय, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. आईची एक हरकत आहे, तीही येथे नोंदवतो. तिचे म्हणणे असे की, "चोर वर्षातून एकदा येईल, पण तू आम्हाला रोज बघत बसशील, त्याचे काय?" यावर मला अद्याप नीट उत्तर देता आलेले नाही.

---

तारजोडणी

कॅमेरे बसवण्याच्या व्यवसायात मी चिपळूण-गुहागर भागात बारा वर्षे आहे, त्यामुळे तुमच्या घराचे वर्णन वाचताना ते डोळ्यांसमोर उभे राहिले. अंतर मोजून दिलेत हे फार बरे केलेत, कारण गिऱ्हाईक नेहमी मेगापिक्सेल विचारते आणि अंतर कोणी सांगत नाही.

दरपत्रकात लेन्सचा उल्लेख आहे काय ते पाहा. बहुधा नसेल, आणि नसेल तर ती २.८ मिलिमीटरची असणार. ही लेन्स शंभर अंशांहून अधिक रुंद पाहते, म्हणून दुकानात पडद्यावर चित्र भरगच्च दिसते आणि गिऱ्हाईक खूश होते. परंतु रुंदी वाढली की प्रत्येक वस्तूच्या वाट्याला येणारे पिक्सेल कमी होतात. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखता यावा यासाठी त्याच्या जागी एका मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल पडावे लागतात, असा या क्षेत्रातील प्रचलित हिशेब आहे. २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते. त्यामुळे २.८ च्या लेन्सने चेहरा स्पष्ट मिळतो तो जेमतेम तीन मीटरपर्यंत. तुमच्या बेड्यापाशी, म्हणजे १२ मीटरवर, त्याच कॅमेऱ्याचे एका मीटरला साठाच्या आसपास पिक्सेल उरतात. तेवढ्यात "कोणीतरी आत आले" एवढे कळेल, पण कोण आले ते कळणार नाही. त्याच खांबावर ४ मेगापिक्सेलचा, ६ मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा लावला तर हाच आकडा दोनशेच्या वर जातो. तो खळ्याच्या कडा दाखवणार नाही, पण बेड्यातून येणाऱ्याचा चेहरा दाखवील. म्हणून माझ्या मते तुम्हाला चार सारखे कॅमेरे नकोत, दोन वेगवेगळे हवेत: एक अरुंद दृष्टीचा बेड्याकडे रोखलेला, आणि एक रुंद दृष्टीचा पडवी व मुख्य दरवाजा पाहणारा.

कॅमेरा फार उंच लावू नका. वासा दिसला की तेथे चढवायचा ही आमच्याकडची सवय आहे, आणि मग चित्रणात फक्त टोप्या दिसतात. आठ-साडेआठ फूट पुरे.

वाय-फायच्या कॅमेऱ्याला वायर लागत नाही हे अर्धसत्य आहे, कारण विजेची वायर लागतेच. शिवाय स्वस्त कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात आणि चिऱ्याच्या (जांभ्याच्या) दोन जाड भिंतींपलीकडे तो सिग्नल लहरीपणा करतो. वायर ओढायचीच आहे तर कॅट सिक्सची (नेटवर्कची केबल) ओढा आणि पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज पुरवणारी पेटी) वापरा. एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातात, १०० मीटरपर्यंत अडचण येत नाही, आणि इन्व्हर्टरवरच्या एकाच जागेवरून सगळे चालते. केबल घेताना तिचे टोक ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे, ती परत करा. रात्री कॅमेऱ्याचे अंधारात पाहण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे लागून भार वाढला की अशा केबलवरचा कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होत राहतो आणि दोष मात्र कॅमेऱ्याला दिला जातो.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही माहितीपत्रकात नसते. आपल्याकडे रात्री इन्फ्रारेडच्या प्रकाशाजवळ किडे जमतात, किड्यांमागून कोळी येतो आणि थेट लेन्ससमोर जाळे विणतो. त्याचा एक धागा पडद्यावर पांढऱ्या दोरखंडाएवढा दिसतो. मला एकदा रात्री अडीच वाजता दुबईहून गिऱ्हाइकाचा फोन आला होता की अंगणात कोणीतरी दोर हलवत आहे. तेव्हा कॅमेरा हाताने कुंचा मारता येईल अशाच ठिकाणी लावा, आणि शक्य असल्यास बेड्यापाशी ९ वॅटचा एलईडी दिवा रात्रभर चालू ठेवा. चित्र रंगीत येईल आणि किडे दिव्याकडे जातील.

---

पोर्ट ५५४

वरील उत्तराशी सहमत आहे. मी नेटवर्कच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून चित्रण कोठे साठते आणि कोणाला दिसू शकते, एवढ्याच भागाबद्दल लिहितो.

क्लाउडचे पैसे भरणे आवश्यक नाही. ४ मेगापिक्सेलचे चित्रण एच.२६५ या कमी जागेत साठवणाऱ्या पद्धतीने सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने अखंड साठवले तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात, म्हणजे कॅमेऱ्यातच बसणाऱ्या १२८ जीबीच्या मेमरी कार्डवर पाच-साडेपाच दिवस मागचे पाहता येते. हालचाल झाली तरच साठवायचे ठरवले तर मुदत बरीच वाढते, पण वाऱ्याने हलणारी माडाची झावळी हीसुद्धा कॅमेऱ्याच्या लेखी हालचालच असते. "माणूस दिसला तरच" अशी सोय असलेला कॅमेरा घ्या. कार्ड मात्र अखंड लेखनासाठी बनवलेले घ्या, मोबाइलसाठीचे साधे कार्ड वर्षभरात दगा देऊ शकते. कॅमेराच चोरीला गेला तर कार्डही जाते, ही या पद्धतीची उणीव आहे. त्यावर उपाय म्हणून पुढेमागे माजघरात एनव्हीआर (नेटवर्कवरून चित्रण साठवणारे यंत्र) ठेवता येईल. त्यासाठी आजच कॅमेरा घेताना तो ऑनव्हिफ आणि आरटीएसपी यांना (कोणत्याही कंपनीच्या यंत्राशी कॅमेरा जोडता यावा यासाठीच्या सामाईक पद्धतींना) पाठिंबा देतो याची खात्री करा. ज्या कॅमेऱ्यात हे नसते तो केवळ कंपनीच्या ॲपमधून चालतो, आणि उद्या कंपनीने तो सर्व्हर बंद केला तर तुमच्या खांबावर फक्त एक खोके उरते.

सुरक्षेच्या बाबतीत २०१६ सालची गोष्ट आठवण्यासारखी आहे. मिराय नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्या ऑक्टोबरमध्ये संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला करून अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प केली. त्यासाठी कोणतीही अद्भुत विद्या लागली नव्हती. कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी बदललेलेच नव्हते, एवढेच. म्हणून बसवणाऱ्याने दिलेला पासवर्ड त्याच्यासमोरच बदला (वरील गृहस्थांनी राग मानू नये), ॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, आणि राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत येण्याची वाट) उघडून देण्याचा आग्रह कोणी धरला तर नकार द्या. आपल्याकडे ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या आवश्यक निकषांनुसार चाचणी बंधनकारक झाली आहे. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक नसलेला निनावी कॅमेरा सातशे रुपयांना मिळाला तरी घेऊ नका.

दुर्दैवाने पोलिसांत जाण्याची वेळ आली, तर मोबाइलवरून पडद्याचे चित्रीकरण करून देऊ नका. मूळ फाइल कार्डवरून उतरवून घ्या आणि कार्ड बाजूला काढून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी तिची अंकाक्षरी खूण) नमूद करायचे असते. कॅमेऱ्यातील घड्याळ चुकीचे असेल तर तेथेच फाटे फुटतात. ते आपोआप जुळण्याची सोय चालू ठेवा.

---

वाईची आजी

तांत्रिक भाग मला फारसा कळत नाही, पण तुमच्या आईंच्या हरकतीबद्दल लिहावेसे वाटले, कारण मी त्याच बाजूची आहे. तीन वर्षांपूर्वी मुलाने आमच्याकडे कॅमेरे बसवले, त्यातला एक ओसरीवर. पहिल्या आठवड्यात त्याने पुण्याहून फोन करून विचारले, "आई, आज दुपारी जेवून लगेच झोपलीस का?" त्याने काळजीनेच विचारले होते, पण दुसऱ्या दिवसापासून मी ओसरीवर बसणे सोडले. शेजारणीही यायच्या कमी झाल्या. नंतर कळले की तो कॅमेरा बोलणेही ऐकत होता.

मग आम्ही बसून ठरवले. आवाज टिपणे कायमचे बंद केले. ओसरीवरचा कॅमेरा सकाळी सहा ते रात्री नऊ बंद असतो, आणि त्याचे बटण माझ्या हाताशी आहे. घरात कॅमेरा नाही. फाटकावरचा मात्र चोवीस तास चालू असतो आणि त्याचे चित्र माझ्याही मोबाइलवर दिसते, त्यामुळे बेल वाजली की मी आधी तेथे पाहते आणि मगच उठते. गुडघेदुखीच्या माणसाला हा उपयोग चोर पकडण्यापेक्षा मोठा आहे.

एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, सहरहिवाशाच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही, हे वाचले तेव्हा मी ते कात्रण मुलाला पाठवले होते. आईला तुम्ही उत्तर देऊ नका, तिलाच विचारा की कॅमेऱ्याने कोठपर्यंत पाहावे.

---

पाखाडीवरचा

सर्वांचे मनापासून आभार. वाईच्या आजींचा प्रतिसाद मी आईला फोनवर वाचून दाखवला. तिने दोन अटी घातल्या: पडवीतला कॅमेरा रात्री दिवे मालवल्यावरच चालू व्हावा, आणि शेजारच्या काकूंचे अंगण व न्हाणीकडची बाजू चित्रात अजिबात येऊ नये. दोन्ही मान्य केल्या. आता दोनच कॅमेरे घ्यायचे नक्की झाले आहे. परंतु ज्या पंपामुळे हा सारा विचार सुरू झाला, ती विहीर तर या दोन्ही कॅमेऱ्यांच्या बाहेरच राहते. सोलर पॅनेल आणि सिमकार्ड असलेला कॅमेरा तेथे चालेल काय? आणि दोन कॅमेऱ्यांचा एकूण खर्च साधारण किती धरावा?

---

तारजोडणी

सिमवाला कॅमेरा चालतो, पण त्याच्या रिचार्जची बेरीज वर्ष-दोन वर्षांत कॅमेऱ्याच्या किमतीपुढे जाते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर माडांच्या सावलीत सोलर पॅनेलवर विसंबून राहता येत नाही. विहिरीपर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल न्यावी असेही मी सुचवणार नाही. आजूबाजूला वीज पडली तर तिचा झटका त्याच केबलवरून घरातील स्विच आणि राउटरपर्यंत येतो. असे जळालेले तीन राउटर मी एकाच जूनमध्ये पाहिले आहेत. पंपासाठी गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पिंजरा करून तो काँक्रीटमध्ये बसवून घ्या. कॅमेरा पंप नेणाऱ्याला पाहील, पिंजरा त्याला पंप नेऊ देणार नाही. मी कॅमेरे विकतो, तरीही हेच सांगेन.

खर्च आमच्या बाजूच्या दरांनी असा येईल: ४ मेगापिक्सेलचे दोन पीओई कॅमेरे सहा हजार, चार पोर्टचा पीओई स्विच दीड हजार, १२८ जीबीची दोन कार्डे चोवीसशे, साठ मीटर शुद्ध तांब्याची केबल दीड हजार, आणि बॉक्स, केसिंग पट्टी व मजुरी मिळून दोन हजार. एकूण १३,४०० होतात. कार्डांचे भाव सध्या वरखाली होत आहेत, तेवढी फट ठेवा. उरलेल्या पैशांत अर्थिंग तपासून घ्या. कॅमेरे, स्विच आणि राउटर मिळून भार पंचवीस-तीस वॅटच्या वर जात नाही, त्यामुळे तुमची बॅटरी धड असेल तर रात्र सहज निघेल, मात्र माजघरातला राउटर इन्व्हर्टरच्या प्लगवर आहे ना, ते आधी पाहा. निम्म्या घरांत तो नसतो. काकूंच्या अंगणासाठी कॅमेऱ्यात प्रायव्हसी मास्क नावाची सोय असते, चित्रातला तेवढा चौकोन कायमचा काळा करता येतो. पडवीच्या कॅमेऱ्याला वेळापत्रकही लावता येते, पण आईंसाठी हाताशी वेगळे बटणच द्या.

खांबाला भोक पाडण्याआधी एक करा. अंधार पडल्यावर कॅमेरा जोडून नुसता हाताने खांबाशी धरा, वडिलांना बेड्यातून नेहमीच्या चालीने आत यायला सांगा, आणि ते चित्रण मोबाइलवर थांबवून आईंना दाखवा. त्यांनी चेहऱ्यावरून ओळखले तर तेथेच खूण करा. चालीवरून ओळखले तर ते धरू नका, कॅमेरा हातभर पुढे घ्या आणि पुन्हा चालायला लावा.